पोरगी पुण्याला पळायला निघाली, पाठवू का?



या सदरात आपण नेहमी बी-बियाण्याचं, खतपाण्याचं, रोगकिडीचं बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. पण तोही तुमच्या ओसरीवरूनच आला आहे. गेल्या काही महिन्यांत गावोगाव फिरताना पाच-सहा घरांतून मला एकच प्रश्न आला. "साहेब, पोरगं पुण्याला ती मॅरेथॉन का काय म्हणतात ती पळायला जातो म्हणतंय. पाठवावं का?" पोरगा असेल तर प्रश्न खर्चाचा असतो. पोरगी असेल तर तोच प्रश्न जरा बाजूला बोलावून, आवाज उतरवून विचारला जातो.

एका शब्दात उत्तर द्यायचं तर, पाठवा. पण चांगलं बी असलं तरी आपण ते नांगरट न करता टाकत नाही. तसंच हेही आहे. मागल्या डिसेंबरात आमच्या फलटणकडच्या गावातली चार माणसं घेऊन मी शनिवार-रविवार पुण्याला जाऊन आलो. एक एकोणीस वर्षांची पोरगी, तिची आई, भरतीची तयारी करणारा एक पोरगा आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे त्या पोरीचे चुलत आजोबा. नावं सांगत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. त्या दोन दिवसांत जे बघितलं ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

शर्यत म्हणजे काय

पुण्याची ही शर्यत १९८३ साली सुरू झाली. पुरी मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. हा आकडा असा अडनिडा का? १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये शर्यत राजवाड्यापासून सुरू करून मैदानातल्या राजघराण्याच्या आसनासमोर संपवली. ते अंतर तेवढं भरलं आणि १९२१ साली तेच कायम ठरलं. म्हणजे राजाच्या सोयीसाठी मोजलेला रस्ता आज सगळं जग पळतं. त्याच्या निम्म्याची अर्धी मॅरेथॉन असते, शिवाय दहा किलोमीटरची आणि त्याहून लहान शर्यतीही असतात. तुमच्या पोरांनी पहिल्या वर्षी दहाच्या वर जाऊ नये, असं माझं मत आहे. पुऱ्या मॅरेथॉनला तर साधारणपणे १८ वर्षं पुरी लागतात आणि ते बरोबरच आहे. वासराला कोणी नांगराला जुंपत नाही.

बक्षिसाचं आताच सांगून टाकतो. अशा मोठ्या शर्यतींत पुढचे नंबर बारा महिने हाच उद्योग करणारे, इथिओपिया-केनयातून आलेले आणि आपल्या लष्करातले धावपटू नेतात. पहिल्याच वर्षी बक्षिसाच्या पैशावर डोळा ठेवून पोराला पाठवणं म्हणजे पहिल्याच वेताच्या कालवडीकडून वीस लिटर दुधाची अपेक्षा करणं.

पण आपल्या शिवारातून कोणी वर गेलंच नाही असंही नाही. त्र्यंबकेश्वराजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी पळल्या आणि दहाव्या आल्या. माणचा दुष्काळ ज्याला माहीत आहे त्यालाच या दहाव्या नंबराची किंमत कळेल. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेतलं. तिघंही कोरडवाहू किंवा डोंगराळ मुलखातली, पायी शाळेला गेलेली पोरं.

आधी पाण्याची पाळी बघा

डिसेंबर म्हणजे रब्बीची ऐन धांदल. कांद्याची लागण चालू असते, हरभरा फुलावर येत असतो, कारखान्याच्या तोडीची टोळी कधी येईल सांगता येत नाही. गव्हाचं पहिलं पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटायच्या वेळी लागतं. ते चुकलं तर फुटवे कमी येतात आणि मागाहून कितीही पाणी दिलं तरी ती तूट भरून निघत नाही. म्हणून शर्यतीची तारीख कळली, की आधी पाण्याची पाळी बघा, विजेचं वेळापत्रक बघा आणि दोन दिवस मोटारीवर कोण थांबणार ते ठरवा. हे ठरलं नाही, की घरात भांडण होतं आणि बोल मात्र पोराच्या पळण्याला लागतो.

आमच्या या घरात खरी अडचण आईची होती. घरी दोन गाई, एक म्हैस. सकाळ-संध्याकाळच्या धारा, चुलीपुढचं काम, डेअरीला दूध. तेवीस वर्षांच्या संसारात माहेर आणि वारी सोडून बाई रात्रीची घराबाहेर राहिली नव्हती. आणि पोरीच्या वडिलांनी अट घातली होती. "एकदा पळून ये. हौस फिटू दे. मग पुन्हा नाव काढायचं नाही. माघात स्थळं बघायची आहेत." मी समोर बसलो होतो. पोरगी उंबऱ्याशी उभी होती, काही बोलली नाही.

बोलली ती आई. "चांदोबाच्या लिंबाला पालखी येते, रिंगण होतं. तिथं मी डोक्यावर तुळस घेऊन पळते, तेव्हा तुम्ही लोकांना हाताला धरून दाखवता, ती बघा आमची मंडळी. मग हिनं छातीला नंबर लावून पळालं तर काय बिघडलं?"

मंडळी, आमच्या भागात ज्ञानोबांच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाशी होतं, हे वारकऱ्यांना सांगायला नको. वाटेवरच्या रिंगणांतून अश्व धावतात, टाळकरी, विणेकरी, पखवाजवाले धावतात आणि तुळशीवाल्या बायकाही धावतात. शहरातले लोक म्हणतात की गाणं आणि पळणं एकत्र आणायची कल्पना नवी आहे. आपल्याकडे ती पिढ्यानपिढ्या चालू आहे. वडील गप्प बसले. म्हणाले, "धारा मी काढीन. पण रविवारी रात्रीपर्यंत परत या."

उसाचा केवडा आणि पोरीचा दम

ही गोष्ट प्रत्येक आईबापाने वाचावी, घरात कोणी पळणारं नसलं तरी. त्याच्या सहा महिने आधी ही पोरगी दोन किलोमीटरलाच धापा टाकायची. जिना चढली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरात म्हणायचे, नखरे आहेत, काम नको म्हणून. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९ निघालं. बाईमाणसाला ते १२ तरी हवं.

उसाला केवडा पडलेला तुम्ही बघितला आहे. कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण ते मुळांना लागू होत नाही. मग आपण हिराकस शेणखतात मुरवून देतो, की पान हिरवं होतं. माणसाचंही तसंच आहे. भाजी-भाकरीत लोह असतं, पण जेवणावर लगेच कपभर चहा घेतला की ते अंगी लागत नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू बरोबर असला की ते चांगलं लागू पडतं. सरकारी दवाखान्यात मिळणारी लोहाची गोळी आणि शेतातलं हिराकस रसायनाने भावंडंच, दोन्ही फेरस सल्फेट. म्हणून कोणी खताच्या पोत्याला हात लावू नका! गोळीतलं औषध शुद्ध केलेलं आणि मोजून घातलेलं असतं. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची आणि लहान मुलांच्या हाती लागू द्यायची नाही.

या पोरीने गोळ्या नेमाने घेतल्या. जेवणानंतर तासभर चहा बंद केला. जेवणात पालेभाजी, मोड आलेली मटकी, बाजरी आणि वर लिंबाची फोड. चार महिन्यांनी रक्त १२ च्या वर आलं आणि तीच पोरगी आठ किलोमीटर न थांबता पळायला लागली. तेव्हा आई मला म्हणाली, "भाऊसाहेब, मी हिला आळशी म्हणत होते. आणि मलाही असंच होतं की हो." आईचंही रक्त तपासलं. ते पोरीपेक्षा कमी निघालं. आता दोघी गोळ्या घेतात. शर्यतीतून या घराला दुसरं काही मिळालं नसतं, तरी एवढ्यावर मी समाधान मानलं असतं.

सराव कसा करावा

दिवसभर शेतात राबलं म्हणजे पळायचा सराव झाला असं नाही. खुरपणीत कंबर तयार होते, दम तयार होत नाही. आठवड्यातून चार दिवस पळावं, अंतर थोडं थोडं वाढवावं आणि मध्ये विश्रांतीचा दिवस धरावा. रोज पाणी दिलं तर पीक पिवळं पडतं. जमीन वाफशावर आली की मुळं कामाला लागतात. शरीरही विश्रांतीच्या दिवशीच घडतं.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पहाटे चारला अंधारात डांबरी रस्त्याने पोरं भरतीसाठी पळतात. त्याच वेळी उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मागे दिवा नसताना कारखान्याकडे चाललेले असतात. गळिताच्या हंगामात डांबरी रस्त्यावर अंधारात पळूच नका. कालव्याची भराव-वाट, शाळेचं मैदान, गाडीवाट धरा आणि फटफटल्यावर निघा. रस्त्यानेच पळणं भाग असेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, पांढरे कपडे घालून पळा. पोरगी असेल तर बरोबर दुसरी पोरगी किंवा घरचं कोणी सायकलवर असावं.

बूट नवे असतील तर शर्यतीच्या आधी महिनाभर वापरून मऊ करा. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकले, हे खरं. पण ते अनवाणी सरावलेले होते. शर्यतीच्या दिवशी नवा बूट म्हणजे पेरणीच्या दिवशी नवा बैल.

शनिवार: गाण्याच्या गावात

छातीवर लावायचा नंबर आदल्या दिवशी ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. म्हणून हा दोन दिवसांचा प्रवास. त्या नंबराच्या कागदामागे वेळ मोजायची पट्टी असते, त्याची घडी घालू नये. फी अंतराप्रमाणे असते आणि ती आधीच भरावी लागते. आयत्या वेळी जाऊन नाव घालता येत नाही.

आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीचं निम्मं तिकीट आहे, त्यामुळे मायलेकींचा मिळून एकाच तिकिटाचा खर्च आला. लोणंद, जेजुरी, सासवड करत दिवे घाट उतरलो. आई खिडकीतून बघत होती. ही सगळी वाट तिने वारीत पायी तुडवलेली, फक्त उलट दिशेने. "गाडीतून घाट लहान वाटतो," एवढंच म्हणाली. मुक्काम पर्वतीच्या पायथ्याशी, पोरीच्या मावशीकडे. स्वारगेटचं एसटी स्थानक आणि सारसबागेजवळचं सणस मैदान दोन्ही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

दुपारी नंबर घेऊन मोकळे झालो. मग आजोबा म्हणाले, "पुण्याला आलो आणि गाणं न ऐकता झोपलो, तर गावात काय सांगू?" त्यांचं खरं होतं. हे गाण्याचं गाव आहे. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली इथे भारत गायन समाज काढला. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. बालगंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर १९६८ पासून उभं आहे. आणि १९५३ साली भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ जो उत्सव सुरू केला, तो डिसेंबरात आजही भरतो. पूर्वी तो रात्र रात्र चालायचा, लोक घोंगड्या-शाली पांघरून पहाटेपर्यंत बसायचे. आता ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे बहुतेक कार्यक्रम रात्री दहाच्या आत आटोपतात. हे भीमसेन लहानपणी गाणं शिकायला मिळावं म्हणून गदगहून घर सोडून पळाले होते. आजोबांनी ही गोष्ट पोरीला सांगितली आणि वर म्हणाले, "तू घरच्यांना सांगून पळतेस, तेवढं बरं."

तो उत्सव आम्हाला त्या दिवशी नव्हता. पण शनिवारी संध्याकाळी पुण्यात कुठे ना कुठे एखाद्या लहान सभागृहात गाणं असतंच आणि पुष्कळ ठिकाणी तिकीटही नसतं. आम्ही मागच्या रांगेत बसलो. एक तरुण गायिका ख्याल गात होती, तबल्यावर विलंबित एकताल. लय इतकी संथ, की दहा मिनिटांनी भरतीवाल्या पोराने माझ्या कानात विचारलं, "साहेब, हे सुरू कधी होणार?" आजोबा मात्र बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होते. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "सुरू झालंय. तू थांब." पाऊण तासाने गाणं द्रुत लयीत गेलं, ताना सुरू झाल्या, तेव्हा सभागृहातली सगळी डोकी डोलायला लागली आणि पोरगाही मांडीवर ठेका धरून बसला.

बाहेर पडल्यावर आजोबा दोघांना म्हणाले, "बघितलंत? भजनातसुद्धा पहिल्या अभंगाला दुगण-चौगण घेतली तर मंडळी दमतात आणि गजराला आवाज राहत नाही. उद्या ठाय लयीत निघा. लोक पुढे गेले तर जाऊ द्या. निम्मं अंतर झाल्यावर मग दुगण."

रात्रीचं जेवण मावशीकडे, भात-आमटी, पोळी आणि थोडा गूळ. शर्यतीच्या आदल्या रात्री पोटाला ओळखीचंच द्यावं. पुण्याची मिसळ पळून झाल्यावर खा, आधी नको. पोरीने ऐकलं. पोरगा "आलोच" म्हणून स्वारगेटला गेला आणि तर्रीची मिसळ खाऊन आला, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवार

पुऱ्या मॅरेथॉनवाले तर अंधारातच निघतात. दहा किलोमीटरवाले उजाडताना. थंडी होती. मैदानाजवळ हजारो माणसं, लहान पोरं, साठी उलटलेले आजोबा, साड्या नेसून आलेल्या बायकासुद्धा. आई माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, "एवढी माणसं पालखीशिवाय एकत्र बघितली नाहीत. पण इथं कोणी कोणाला माउली म्हणत नाही." थोड्या वेळाने एका बाईने पाण्याचा पेला पुढे करून तिला "घ्या मावशी" म्हटलं, तेव्हा ती हसली.

शर्यत सुटली तशी सगळी झुंड उधळली. वाटेत एका चौकात ढोल-ताशा वाजत होता. ढोलाला एक गुण आहे आणि तोच अवगुण आहे. तो पावलाला आपल्या मागे ओढतो. पाय ठेक्यात पडतात, थकवा जाणवत नाही, पण वेग नकळत वाढतो आणि पुढे दम संपतो. भरतीवाला पोरगा तिथे सुसाट गेला. चौथ्या किलोमीटरला त्याच्या कुशीत कळ आली, तो चालायला लागला. कसाबसा ६६ मिनिटांत आला. खरं तर तोच दोघांत जास्त वेगवान. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर पळायचं असतं, तेवढ्यात तो कोणालाही मागे टाकेल. पण सोळाशे मीटरचा वेग आणि रात्रीची तर्री घेऊन दहा किलोमीटर पळता येत नाही.

पोरगी मागेच राहिली. पहिले पाच किलोमीटर ३१ मिनिटांत केले. ढोलाजवळून जाताना ती मनात अभंगाचा ठेका मोजत होती, असं तिने नंतर सांगितलं. पुढचे पाच २७ मिनिटांत. शेवटच्या दोन किलोमीटरला तिने इतकी माणसं मागे टाकली की मोजायचं सोडून दिलं. एकूण ५८ मिनिटं. नंबर नाही, बक्षीस नाही, सगळ्यांना मिळतं ते एक पदक मिळालं. ते तिने आईच्या गळ्यात घातलं. आईने लगेच काढून पदराखाली धरलं, लोक बघतात म्हणून. पण एसटीत बसेपर्यंत हातातून सोडलं नाही.

पळून झाल्यावर एकदम खाली बसू नये, दहा मिनिटं चालावं. घाम खूप गेला असेल तर नुसतं पाणी घटाघटा पिऊ नका. रक्तातलं मीठ पातळ झालं तर चक्कर येते आणि प्रसंगी जिवावर बेततं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू, हे घोटघोट घ्यावं. हा चमचा चहाचा, वाढायचा नव्हे. आम्ही बाटली घरूनच भरून नेली होती. हेच पाणी उन्हाळ्यात कांदा काढणाऱ्या मजुरांनाही ठेवत जा.

दुपारी गाडीला वेळ होता, म्हणून शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितलं. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, विळ्या, दरवाजे, भांडी, वाद्यं असं आपल्याच घरादारातलं सामान जमवलं, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं आणि १९७५ साली सगळं सरकारच्या हवाली केलं. वाद्यांच्या दालनात आजोबा तंबोऱ्यापुढे थांबले. "एवढा भोपळा कुठल्या शेतात येतो?" त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. मिरजेत तंबोरे-सतारी बनतात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. भोपळा कडू असतो, खायला उपयोगाचा नाही. वेलावरच पुरा वाळू द्यायचा, साल लाकडासारखी कडक झाली की तोडायचा. आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे काल त्या पोरीच्या मागं जे घुमत होतं, ते पंढरपूरच्या रानातलं होतं."

परतल्यावर

रात्री नऊला घरी पोचलो. वडील गोठ्यात होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती जण पुढे होते?" पोरगी म्हणाली, "पुष्कळ." मग थोड्या वेळाने दुसरा. "आणि मागे?" ती म्हणाली, "त्याहून जास्त." ते काही बोलले नाहीत. सोमवारी सकाळी पोरगी वाफ्यावर कांदा लावायला हजर होती, पाय ठणकत असताना.

सगळं सुरळीत झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. वडील अजून पुरते राजी नाहीत. स्थळांची बोलणी त्यांनी थांबवलेली नाहीत, फक्त पुढे ढकलली आहेत. पोरीला पोलीस भरती द्यायची आहे. तिथे मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर पळणं आणि गोळाफेक असते, शिवाय लेखी परीक्षा. ती होईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. पण मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा कालव्याच्या वाटेवरचं काटेरी कुंपण कोणीतरी बाजूला करून पाऊलवाट मोकळी केली होती. कोणी केली ते मी विचारलं नाही. घरात कुऱ्हाड एकच माणूस वापरतो.

तेव्हा मंडळी, पोराला पाठवायचं असेल तर एवढं करा. आधी रक्त तपासा, पोरीचं आणि तिच्या आईचंही. तीन-चार महिने सराव होऊ द्या. पहिल्यांदा लहान अंतर घ्या. घरचं एक माणूस बरोबर जा, आणि जमलं तर आईला पाठवा. धारा दोन दिवस दुसऱ्या कोणी काढल्याने दूध आटत नाही. बक्षिसासाठी कर्ज काढू नका. आणि शहरात गेलाच आहात तर संध्याकाळी एखादं गाणं ऐकून या, त्याचे पैसे बहुधा पडत नाहीत.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळीविषयी बोलू. तोवर शेतात पक्षीथांबे आणि कामगंध सापळे लावून ठेवा, आणि अळी दिसली की पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी पहिल्यांदा करा.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)